काकडी चालते, गवार चालत नाही

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण आहे. साताऱ्याच्या शाहूपुरीत आता बहुतेकांनी भिंती घातल्या. आम्ही दोघींनी मेंदी ठेवली, कारण भिंतीवरून वाटी देता येत नाही. या कुंपणाचा कायदा एकच: वाटी रिकामी परत जायची नाही. त्यांच्याकडून भरीत आलं की माझ्याकडून निदान चार लिंबं तरी जातात. बोलायचं काय आणि कुणाबद्दल, याला मात्र कायदा नाही.

परवा सकाळी वहिनी आल्या त्या एका हातात गवारीचं ताट आणि दुसऱ्या हातात एक पांढरं पेन घेऊन. झुरळ मिशीला धरून उचलावं तसं ते पेन दोन बोटांत धरलेलं.

"बाई, बघा की जरा. मेलंय का जितं हाय, तेवढं सांगा."

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे सगळ्या गल्लीची मी बाई, आणि बाईला इन्व्हर्टरपासून इन्कम टॅक्सपर्यंत सगळं कळतं असा गल्लीचा समज.

"कुणाचं हो हे?"

"आमच्या सांगलीच्या जाऊबाईंचं. विश्रामबागेतल्या. त्यांच्या पोराला आयपॅड घेतलाय न्हवं, त्याचं जुनं पेन. त्यांनी नवीन घेतलं, मग हे आमच्या पोरीला पाठवलं. फोनवर काय म्हणाल्या माहितेय? 'राहू दे गं, तुमच्याकडं कुठं असतंय असलं.' आता सांगा, बाई! आमच्याकडं काय पाटी-पेन्सिलच हाय काय अजून?"

वहिनींची लेक अकरावीला आहे, सायन्सला. सीईटी आणि जेईईच्या तयारीसाठी तिला राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेचा टॅब मिळालाय, सोबत रोज सहा जीबी डेटा. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीच्या मार्कांवर तो मिळतो. टॅब आला त्या दिवशी वहिनींनी त्याला हळद-कुंकू लावलं होतं. कुंकवाचा ठिपका अजून कव्हरवर आहे.

"आणि हे पेन टॅबवर चालत नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कारण ते आयपॅडचं आहे. आयपॅडची काच आणि ते पेन आपसात एका खुणेनं बोलतात. कंपनीच्या पेनाची नक्कल करणारी दीड-दोन हजारांची पेनं मिळतात ना, तीही त्याच खुणेवर चालतात. २०१८ नंतरच्या बहुतेक आयपॅडवर झकास चालतील. तुमच्या टॅबला ती खूणच कळत नाही. पेन जितं आहे, वहिनी. पण ते इथं मुकं आहे."

"म्हणजे सांगलीत बोलतंय आन् साताऱ्यात मुकं! अगदी आमच्या भाऊजींसारखं."

इतक्यात अण्णा व्हरांड्यातून बाहेर आले. अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. निवृत्त झाल्यावर घरचे जुने कागद वाचायचे म्हणून मोडी शिकले आणि आता गल्लीतल्या कुणाच्याही वाटण्यांचे कागद हौसेनं वाचून देतात. "कसलं पेन?" म्हणत खुर्ची ओढून बसले. म्हणजे आता गवार दुपारपर्यंत निवडून होणार नाही हे ठरलं.

"बाई, मला ह्येच कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "बोट लावलं की काच चालती. मग पेन लावलं की का चालत नाही? दोन्ही टोकंच की."

"टॅब आणा बाहेर," मी म्हटलं. "आणि एक काकडी आणा. एक लाटणंही."

लाटणं म्हटल्यावर अण्णा जरा सावरून बसले.

टॅब आला. मी ताटातली गवारीची एक शेंग उचलली आणि तिच्या टोकानं काचेवर रेघ ओढली. काही नाही. लाटण्यानं ओढली. काही नाही. मग काकडीचं देठ कापून ती कापलेली बाजू काचेवर फिरवली, आणि पडद्यावर सरसर रेघ उमटली. वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आगं बया! काकडीनं लिवतंय!"

तर त्यामागची गंमत अशी. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, विजेची बारीक जाळी असते. आपल्या अंगात पाणी आहे, मीठ आहे, त्यामुळे अंगातून वीज वाहते. बोट टेकलं की त्या जागी जाळीतली वीज किंचित हलते आणि टॅबला कळतं की इथं कुणीतरी हात लावला. त्याला दाब लागत नाही, लागतं ते वीज वाहून नेणारं टोक. काकडी ओली, हातात धरलेली, म्हणून ती बोटाचंच लांबलेलं टोक झाली. लाटणं सुकं लाकूड, वीज अडली. आणि गवार ओली असूनही चालली नाही, कारण तिचं टोक बारीक. जाळीला निदान बोटाच्या टोकाएवढा ठसा लागतो, बारीक टोक तिच्या खिजगणतीतच नाही. २०१० च्या थंडीत दक्षिण कोरियातली माणसं हातमोजे काढायला नकोत म्हणून सॉसेजनं फोन चालवतात अशी बातमी आली होती. तिथंही हाच न्याय.

"म्हणून ती दीड-दोनशेवाली पेनं असली ढब्बी असतात व्हय! पुढं रबराचं बोंडूक."

"हो. ते बोंडूक म्हणजे नुसती काकडी. बॅटरी नाही, काही नाही, कुठल्याही टॅबवर चालतं. पण लिहिताना टोकाखाली काय चाललंय ते दिसत नाही. पोरीनं वर्गमूळाचं चिन्ह काढलं तर ते बैलाच्या शिंगासारखं येईल. आणि रबर महिन्या-दोन महिन्यांत झिजतं, काचेला चिकटायला लागतं."

"मग?"

"मग चकतीचं पेन. बारीक टोक आणि त्याला खाली बिंदीएवढी पारदर्शक चकती. ठसा चकतीचा पडतो आणि आपल्याला टोक दिसतं. तीनशेच्या आसपास मिळतं. फक्त चकतीखाली धुळीचा कण अडकला तर काचेवर ओरखडा. लिहायच्या आधी पदरानं पुसायचं."

"आन् ते चार्जिंगवालं? पवई नाक्याकडं येकानं दाखवलं. म्हणाला, 'ताई, सगळ्यावर चालतंय.' हजार सांगितलं."

सगळ्यावर चालतंय, हे वाक्य ऐकलं की मी आधी हात खिशात घालते, पाकीट काढायला नव्हे, धरून ठेवायला. लॉकडाऊनमध्ये असंच एक पेन मी घेतलं होतं. २०२० चा तो उन्हाळा आठवतो ना? मी डब्यांच्या उतरंडीवर पोळपाट ठेवायची, पोळपाटाच्या कडेला फोन उलटा टांगायची आणि खाली वहीवर गणितं सोडवायची. एकदा लसावि काढता काढता फोन थेट डाळीच्या डब्यात पडला. मग ठरवलं, पेन घ्यायचं. ते सगळ्यावर चालणारं आणलं. टोक सुईसारखं, चालायचंही. पण त्या पेनाला मी म्हणजे कोण आणि माझा हात म्हणजे काय, यातला फरक कळायचा नाही. लिहिताना तळहात काचेवर टेकला की काच म्हणायची, अरे, हाही कुणीतरी लिहितोय! समीकरणाच्या मधोमध भलत्याच रेघा. अधांतरी हात धरून लिहिलं तर दहा मिनिटांत खांदा भरून यायचा.

"मग काय केलंत?"

"जुना जाड हातमोजा घेतला, दोन बोटं आणि अंगठा कापून टाकला. करंगळीची बाजू झाकलेली. पातळ कापडाचा उपयोग नाही, काच त्यातूनही हात ओळखते. मुलं म्हणायची, बाई आज विकेटकीपर दिसताय."

अण्णा हसले. "आमच्या वेळी हाताखाली टीपकागद असायचा, शाई फिसकटू नये म्हणून. फरक काय पडला?"

"फरक नाहीच, अण्णा. आणखी एक सांगते, ही चार्जिंगवाली पेनं पारखायची एक खूण आहे. दुकानात पट्टी मागायची, पट्टीला लावून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढायची. भराभर ओढली की सगळीच सरळ येतात. सावकाश ओढली की स्वस्तातल्या पेनाची रेघ यवतेश्वराच्या घाटासारखी वळणं घेते. आलेखाचा कागद आणि भूमितीच्या आकृत्या काढणाऱ्या पोरीला असला घाट परवडायचा नाही."

"म्हंजे हजार रुपये देऊन घाट!" वहिनींनी शेंग कडकन मोडली.

"आणि एक जात आहे," मी म्हटलं, "ती सगळ्यात शहाणी. पेनात बॅटरी नाही आणि तरी टोक बारीक, हात टेकला तरी चालतं. तुमच्याकडं इंडक्शन शेगडी आहे ना?"

"हाय की. वीज असली तर हाय."

"शेगडी स्वतः तापत नाही. खालचं वेटोळं वरच्या भांड्यात वीज उठवतं आणि भांडं तापतं. तसंच. काचेखाली एक वेगळा पडदा असतो, तो हवेतूनच पेनाला वीज पाजतो. पेनात वेटोळं असतं, ते उत्तर देतं. पेन काचेपासून सेंटीमीटरभर वर असलं तरी टॅबला कळतं की पाहुणे आले. वॅकॉम म्हणून जपानी कंपनी आहे, तिची ही करामत. सॅमसंगच्या एस पेनात तीच आहे. २०२० मध्ये त्यांचा टॅब एस६ लाइट आला, त्याच्या डब्यातच पेन होतं. पण तेच पेन त्याच कंपनीच्या ए९ वर टेकवा, ढिम्म. कारण खाली शेगडीच नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं इंडक्शनवर ठेवल्यासारखं."

"म्हंजे पेन घ्यायला जायचंच नाही. आधी काच बघायची."

एवढंच तर मला सांगायचं होतं. लोक पेनाच्या किमतीत फिरतात: दोनशेचं घ्यावं, हजाराचं घ्यावं, की आठ हजारांचं. खरा प्रश्न टॅबला विचारायचा असतो. सेटिंगमध्ये जाऊन टॅबचं पूर्ण नाव, मॉडेल नंबरासकट, कागदावर लिहून घ्यायचं. मग कंपनीच्या माहितीत बघायचं की या काचेखाली पेनाची सोय आहे का. असली तर त्याच जातीचं पेन. नसली तर कितीही महाग पेन आणा, ते शेवटी काकडीच. मग काकडीला काकडीचाच भाव द्यायचा.

"पत्रिका जुळवायची म्हणा की," वहिनी म्हणाल्या. "मुलगा चांगला, मुलगी चांगली, पण नाडच जुळंना. आमच्या त्या पलीकडच्या आळीत नाही का झालं…"

ते काय झालं ते मी इथं लिहीत नाही. पाच मिनिटं गेली एवढं सांगते.

"बरं, जाऊबाईंनी नवीन घेतलं ते कितीचं?" मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"आठ हजारांच्या आत-बाहेर म्हणाल्या. कंपनीचंच. वर मला सांगत्यात, 'साधंच घेतलं गं.' आठ हजारांचं साधं!"

ते मात्र खरं साधंच आहे. २०२३ मध्ये ॲपलनं ही त्यातल्या त्यात स्वस्त पेन्सिल काढली आणि भारतात तिला ७,९०० रुपये लावले. आणि याच कंपनीच्या प्रमुखांनी, स्टीव्ह जॉब्जनी, २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टायलसची भर सभेत टिंगल केली होती, देवानं दहा बोटं दिली असताना काडी कशाला, अशा थाटात. २०१५ मध्ये त्याच कंपनीनं पेन्सिल बाजारात आणली. तोवर जॉब्ज गेले होते.

"आधी नावं ठेवायची, मग तेच घरात आणायचं," वहिनींनी निकाल दिला. "सगळ्या घरांत हेच चालतंय बघा."

"त्या आठ हजारवालीत एक गोष्ट नाही, अण्णा. दाब कळत नाही. जोरात टेका की हळू टेका, रेघ तेवढीच जाड. कल मात्र कळतो, पेन तिरकं केलं की रेघ रुंद होते."

अण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे बोरू!"

"काय म्हणालात?"

"अहो, बोरू आणि टाक यात हाच तर फरक. बोरूचं टोक तिरकं कापतात, त्याला कत म्हणतात. अक्षराचं जाड-बारीक येतं ते कतामुळं, हात कुठल्या कोनात फिरला त्यामुळं. बोरूवर दाब दिला तर तो फाटतो. टाकाचं निब मात्र चिरलेलं असतं, दाबलं की फाकतं आणि रेघ जाड होते. तुमचं ते आठ हजारांचं पेन बोरूच्या जातीचं. टाक हवा असेल तर आणखी पैसे मोजा."

इतकी वर्षं मी दाब आणि कल यातला फरक मुलांना समजावते. इतका नेमका मला कधी जमला नाही.

"पण अण्णा, सीईटीला जाणाऱ्या पोरीला ना बोरू लागतो ना टाक. बेरजेच्या रेघेला जाड-बारीक कशाला?"

"ते खरं. आम्ही तर बोरू दोन पैशांचा आणायचो आणि कत घरी द्यायचो."

"मग ह्या आमच्या बयेनं काय घ्यावं, ते सांगा एकदाचं," वहिनी म्हणाल्या. "टॅब फुकट मिळालाय. धर्माची गाय आन् दात का गं नाय, असं काय मी म्हणणार नाही. पण वर खर्च किती करायचा?"

"तीनशेचं चकतीचं पेन. त्यानं धड्यांवर खुणा करायच्या, आकृतीत बाण काढायचे, व्हिडिओ थांबवून पुढं-मागं करायचं. गणितं मात्र वहीत, बॉलपेननं. परीक्षेतलं कच्चं काम कागदावरच करायचं आहे, हाताला कागदाचीच सवय हवी. संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो टॅबमध्ये. झालं."

"मी ह्येच म्हणत होते! वही! आमच्या जाऊबाईंना मात्र वही म्हणलं की अंगावर काटा येतोय. पोराच्या सगळ्या विषयांच्या वह्या त्या आयपॅडात. घरात कागद दिसू द्यायच्या नाहीत. नुसता मोठेपणा."

अण्णा काही बोलले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "एकोणीस साली तू गेली होतीस की तिकडं. पाणी उतरल्यावर."

वहिनींचा हात ताटात थांबला.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धरतात. त्या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं होतं. जाऊबाई तेव्हा विश्रामबागेत नव्हत्या, गावभागात तळमजल्यावर राहायच्या.

"चिखल गुडघ्याएवढा होता," वहिनी म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "फ्रीज आडवा पडलेला. त्याचं कुणाला काय नव्हतं. जाऊबाई नुसत्या वह्या काढत होत्या. दोरीवर कपडे वाळत घालत्यात तशा वह्या चिमटे लावून घातल्या. पोराच्या शाळेच्या, त्यांच्या स्वतःच्या डीएडच्या. एक त्यांच्या आईच्या हातची होती, लोणची-पापडाची, कशात मीठ किती. मी बघितली ती. जेल पेननं लिहिलेलं सगळं वाहून गेलं होतं बघा, नुसता निळा डाग. जिथं साध्या बॉलपेननं लिवलंतं ना, तेवढंच राहिलं होतं. 'हिंग चिमूटभर' एवढं वाचता येत होतं. चिमूटभर कशात, ते काय न्हाई."

मेंदीच्या दोन्ही बाजूंना कुणी काही बोललं नाही. लांब कुठंतरी भंगारवाला ओरडत गेला.

"मग आता ते सगळं आयपॅडात ठेवत्यात," वहिनी म्हणाल्या. "आयपॅड बुडला तरी वह्या वर राहत्यात म्हणं. कुठं ते… क्लाउडात."

"ढगात?" अण्णा म्हणाले. "ढगानंच तर बुडवलं होतं."

आधी वहिनी हसल्या, मग मी, आणि मग हसू थांबेचना. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. हसताना पाणी आलं की आधीचं होतं, ते मी विचारलं नाही.

ते पांढरं पेन त्यांनी पदरालाच घासून स्वच्छ केलं. "हे परत पाठवते. त्यांच्याच पोराला उपयोगी पडंल, नव्याला काय झालं तर. मी तर ठरवलं होतं, बरोबर चिठ्ठी द्यायची: 'आमच्याकडं कुठं असतंय असलं.'"

"मग?"

"रिकामं कसं पाठवायचं?" त्या उठल्या, ताट उचललं. "मोती चौकातनं पाव किलो कंदी पेढे आणते. आन् त्या लोणच्याचं प्रमाण माझ्या आईचं हाय, ते लिहून देते. बॉलपेननं."

संध्याकाळी वहिनींची पोर कुंपणाशी आली. हातात नवं चकतीचं पेन, २८० रुपयांना घासाघीस करून आणलेलं. वर एक जादा चकती फुकट मागून घेतलेली. मॉडेल नंबराचा कागद नेला होता म्हणाली, पण दुकानदाराला तो वाचायची गरज पडली नाही, कारण तिनं दुकानातच आधी सावकाश तिरकी रेघ ओढून दाखवली.

दुसऱ्या हातात वाटी होती. त्यात काकडीची कोशिंबीर.

"आई म्हणाली, हीच ती. लिहून झालेली."

मी चव घेतली. हिंग बरोबर चिमूटभर होता. आता वाटी माझ्याकडं आहे आणि घरात आज लिंबंसुद्धा नाहीत.